तोंडाला काळं फासून ढोल नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आपल्या पत्रांच्या पानावर एका गृहस्थांचं पत्र आलं होतं, आमच्या गावात "आफ्रिकन ढोल" शिकवायचं जे खूळ सुरू झालंय त्याबद्दल. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की हे व्हूडूचे ढोल, किनाऱ्यावरच्या हिप्पींनी आणलेले, आपल्याकडे घुमटासारखं मातीचं वाद्य असताना ही परकी ठणठण कशाला, आणि चांगली वयस्क माणसं संध्याकाळी बादल्या बडवत बसतात ते बघवत नाही. त्यातली ती वयस्क माणसं म्हणजे आम्ही. बादली तर माझीच, 20 लिटरची, घराला रंग दिला तेव्हाची, बुडाला अजून पिवळा थर आहे.

उत्तर लिहू का नको ह्यात तीन आठवडे गेले. मुलगी फोनवर म्हणाली आई सोड ना, कशाला पेपरात भांडतेस. भांडायचं नाहीच आहे. काही गोष्टी त्यांच्या बरोबर आहेत, त्या मी पुढे सांगते. पण हा ढोल परका आहे असं जे ते म्हणतात ते चूक आहे, आणि ते गोव्यात राहून म्हणतात हे जास्त चूक आहे.

आधी मी कोण ते सांगते. सरकारी हॉस्पिटलात 34 वर्षं स्टाफ नर्स, त्यातली निम्मी तरी नाइट ड्युटी. रिटायर झाले तेव्हा सगळे म्हणाले आता मस्त झोप काढ. झोप कसली, रात्रीचे दोन वाजले की डोळे टक्क उघडे आणि कानात मॉनिटरचा बीप. गोळ्या घेतल्या, सोडल्या, प्राणायाम केला, भजनी सप्ताहाला रात्रभर बसले (तशी पण जागीच होते). शेवटी धाकट्या बहिणीची सून एका मंगळवारी हाताला धरून घेऊन गेली, म्हणाली मावशी तू नुसती बस, वाजवू नको.

शिकवणारा म्हणजे पोरगाच, पस्तिशीचा, सासष्टीतला, बारा वर्षं तारवटी होता क्रूझ शिपवर. किचनमधून वर बँडमध्ये कसा पोचला ती वेगळी स्टोरी आहे. तिथे काँगा, म्हणजे क्युबातला उंच ढोल, वाजवणाऱ्या एका क्युबनच्या हाताखाली शिकला, जेम्बे, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला हाताने वाजवायचा ढोल, नंतर दुसऱ्या एकाकडून, तो गिनीचा. तो आमच्याशी कोंकणीत बोलतो आणि मी मराठीत उत्तर देते, पेपरात ह्यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी हॉलमध्ये एकदाही झाली नाहीत.

हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडलेल्या, सहा जेम्बे, दोन काँगा, बाकी बादल्या. आल्या आल्या ढोल मिळत नाही. आधी चालायचं. गोलात, उजवा डावा, उजवा डावा, आणि पायाच्या दोन पावलांत हाताच्या तीन टाळ्या बसवायच्या. करून बघा, सोपं वाटतं. आमचे वडील लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकरांबद्दल सांगायचे, एका हातावर एक ताल, दुसऱ्या हातावर दुसरा, पायावर तिसरा, आणि आम्ही पोरं हसायचो की असं कुठे असतं का. त्या दिवशी कळलं की असतं, फक्त मला जमत नाही. तीन मंगळवार मी नुसती चालले. चौथ्या मंगळवारी टाळी बसली आणि मी मोठ्याने "हां!" म्हणून ओरडले, तशी लगेच चुकली.

मग हात. जेम्बेवर मुख्य आवाज तीन, मधोमध तळवा पडला की घुमतो तो बास, कडेला बोटं जोडून मारली की टोन, आणि बोटं सैल सोडून चटका दिला की स्लॅप. माझा स्लॅप अजून येत नाही, इंजेक्शनच्या आधी पेशंटला चापट मारायचो तसा आवाज येतो. सर म्हणतात, "रागान मारूं नाकात, हात सोडात. आयकात, मागीर वाजयात." ह्या तीन आवाजांना बाबाटुंडे ओलातुंजी ह्यांनी दोन हातांचे मिळून सहा बोल दिलेत: गुन दुन, गो दो, पा टा. ओलातुंजी नायजेरियाचे, 1950 ला शिकायला अमेरिकेत गेले आणि पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये तिथल्या काळ्या मुलांना हा ढोल शिकवू लागले, म्हणजे ज्यांच्या पणजोबांच्या हातातून तो काढून घेतला होता त्यांच्याच हातात परत दिला. आम्ही पहिल्यांदा गुन दुन गो दो म्हटलं तेव्हा मागून एक जण ओरडला, अरे हे तर आमचं शिगम्यातलं घणचे कटर घण! सगळे हसले. हसलो तरी पुढच्या पाच मिनिटांत ते सगळ्यांच्या तोंडात बसलं, कारण आधी तोंडाने म्हणायचं आणि मग हाताने वाजवायचं हे गोव्याच्या माणसाला समजवावं लागत नाही, आणि एकाने हाक द्यायची आणि बाकीच्यांनी झेलायची हे पण नाही, आपण शिगम्यात ओस्सय ओस्सय करतो ते दुसरं काय असतं.

आता "घुमट असताना कशाला" त्याबद्दल. घुमट माझ्या माहेरी होतं. चवथीला आरतीला घुमट, शामेळ, कांसाळें सगळं निघायचं आणि मी दहा-बारा वर्षांची असताना एकदा घुमट मांडीवर घेतलं तर काकांनी काढून घेतलं, बायलांनी वाजवायचं नसतं म्हणून. 2019 ला सरकारने घुमटाला राज्याचं हेरिटेज वाद्य केलं, छान झालं, आता मुलींचे आरती ग्रुप आहेत ते तर फारच छान झालं, पण माझं वय तेव्हा उलटून गेलं होतं आणि हात तसाच राहिला होता. मला काय माहीत की नायजेरियात इग्बो लोकांत असंच मातीच्या मडक्याचं वाद्य आहे, उडू म्हणतात, कातडं नाही, पोटाला एक भोक, आणि ते मूळ बायकांचंच. सरांनी मोबाईलवर फोटो दाखवला तेव्हा मी चष्मा काढून परत घातला. घुमटाच्या मागच्या तोंडावर डावा हात उघडझाप करून आपण जो आवाज वाकवतो, तसाच तो तिथे भोकावर हात ठेवून वाकतो. तेव्हा घुमटाशी वैर कोणाचंच नाही. आमच्या ग्रुपातले तिघे चवथीला घुमट वाजवतातच आणि ते म्हणतात जेम्बेमुळे डावा हात सुधारला. घोरपडीचं कातडं 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंद झालं तेव्हापासून हळूहळू घुमटाला पण बकऱ्याचंच आलं, जेम्बेला पण बकऱ्याचंच, आणि जूनमध्ये दोन्ही सारखीच लोळतात. पहिल्या पावसात आमचे सहाच्या सहा जेम्बे भिजलेल्या पापडासारखे बोलायला लागले, मग सर दोऱ्या ओढून गाठी चढवत बसले आणि आम्ही बादल्यांवर आलो. बादलीला पावसाळा नाही.

बादलीचं एवढं मी उगाच लावून धरत नाहीये. ह्या ढोलाची गोष्टच तिथे आहे आणि आमचा सर ती सांगितल्याशिवाय पुढे शिकवत नाही. अमेरिकेत साउथ कॅरोलिनात 1739 च्या सप्टेंबरात स्टोनो नदीजवळ गुलामांनी उठाव केला, ढोल वाजवत रस्त्याने निघाले आणि वाटेत माणसं मिळत गेली. उठाव चिरडला, आणि पुढच्याच वर्षी, 1740 ला, कायदा आला की गुलामांनी ढोल आणि शिंगं ठेवायची नाहीत. का, तर ढोलावर माणसं गोळा होतात. मग त्यांनी मांड्या, छाती, गाल, जमीन, जे हातपाय पोचेल त्यावर वाजवलं, अंगाचाच ढोल केला. त्रिनिदादला 1880 च्या दशकात इंग्रज सरकारने ढोल बंद केले, तर लोकांनी बांबूच्या नळ्या जमिनीवर आपटून ताल धरला, पुढे डबे, पिंपं, जे मिळेल ते, आणि तेलाची पिंपं ठोकून ठोकून त्यातून सूर काढले तोच आजचा स्टीलपॅन. क्युबात मालाची खोकी आणि कपाटाचे खण वाजले. न्यू ऑर्लीन्समध्ये 1817 ला नगरपालिकेने ठरवलं की गुलामांनी जमायचं ते फक्त रविवारी आणि एकाच जागी, ती जागा म्हणजे काँगो स्क्वेअर, आणि जॅझचा इतिहास सांगणारे आज पहिलं बोट त्या मैदानाकडे दाखवतात.

हे सर सांगत होता त्या दिवशी कोणी काही बोलेना. मग शेवटच्या खुर्चीवरून आमचे एक रिटायर्ड मास्तर एवढंच म्हणाले, 1736. काय 1736? तर आपल्याकडचं इन्क्विझिशनचं, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मकोर्टाचं, फर्मान, लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत, दारात तुळस लावायची नाही. चार वर्षांचं अंतर. तिकडे ढोल, इकडे ओव्या. माझ्या बाजूला एक ख्रिश्चन बाई बसते, तिची आजी लग्नातल्या रोसाच्या वेळी, नारळाचा रस लावतात तेव्हा, ओव्या म्हणायची, ती म्हणाली म्हणजे लपवून ठेवल्या म्हणायच्या आमच्या लोकांनी. त्या दिवशी ढोल वाजलाच नाही, तिने दोन ओव्या म्हटल्या आणि आम्ही चहा पिऊन घरी आलो.

आणि आता ते "परकं". पोर्तुगीजांनी गोवा 1510 ला घेतला. मोझांबिककडून जहाजात माणसं कोंबून इथे आणली आणि विकली. लिंशोटेन म्हणून एक डच माणूस 1583 ते 1588 गोव्यात आर्चबिशपचा सेक्रेटरी होता, त्याने लिहून ठेवलंय, जुन्या गोव्यात भर रस्त्यात रविवार आणि सणवार सोडून रोज सकाळी लिलाव व्हायचा, त्यात अरबी घोडे, मसाले, कापड आणि माणसं. आपण सेंट झेवियरच्या फेस्ताला जातो, खाजें घेतो, त्या भागातलीच ही गोष्ट. ब्राझील पण त्याच राजाचं. आफ्रिकेतून अटलांटिकच्या जहाजांत सव्वा कोटीच्या आसपास माणसं भरली गेली, आणि जी जिवंत उतरली त्यातली 49 लाखांच्या आसपास एकट्या ब्राझीलला. म्हणजे तिकडे ज्यांनी सांबा घडवला ते आणि इकडे ज्यांना आपण खाप्री म्हणायचो ते, दोघांच्या मानेवर एकच शिक्का. पोरांना भीती दाखवायला "खाप्री येयत" म्हणताना आपल्याला कधी सुचलं नाही की हा खाप्री आपल्याच बंदरात उतरवलेला कोणाचा तरी मुलगा होता.

त्यातले किती तरी पळाले, घाट चढून रानात गेले. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर, हल्याळ, अंकोला, मुंडगोड भागात जे सिद्दी आहेत त्यातल्या बऱ्याच जणांचे पूर्वज असे गोव्यातून पळालेले. 2003 पासून ते अनुसूचित जमातीत आहेत. घरात बोलतात ती कोंकणी-मराठीच्या इतकी जवळची की आमच्या सरांनी तिकडच्या एका आजोबांचं रेकॉर्डिंग ऐकवलं तेव्हा मला दुभाष्या लागला नाही. मराठी माणसाला सिद्दी म्हटलं की जंजिरा आठवतो, तोफा आठवतात, फार तर मलिक अंबर, पण रानातला शेतमजूर सिद्दी आठवत नाही. त्यांचा डमाम म्हणून ढोल आहे, आडवा, मांडीखाली घेऊन वाजवतात. तिकडे गुजरातच्या सिद्दींकडे मलुंगा आहे, धनुष्याला दुधी भोपळा बांधलेला, एका तारेचा, आणि ब्राझीलच्या कापोएरात, म्हणजे नाचासारख्या कुस्तीत, जो बेरिंबाव वाजतो तो त्याच्या शेजारी ठेवला तर सख्खे भाऊ वाटतील. आणि नाचाला ते गोमा म्हणतात. पूर्व आणि मध्य आफ्रिकेच्या कितीतरी भाषांत न्गोमा म्हणजे ढोल, ढोलावरचा नाच पण न्गोमा, आणि काही ठिकाणी आजाऱ्याला बरं करायला रात्रभर जो ढोल घालतात तो पण न्गोमाच. एका शब्दात तीन गोष्टी. आपल्याकडे जागर म्हणतो तसं काहीसं.

व्हूडूबद्दल एवढंच की व्हूडू हा हैतीच्या लोकांचा धर्म आहे, पिक्चरमध्ये बाहुलीला सुया टोचतात तो नव्हे. 1791 च्या ऑगस्टात तिथे गुलामांचा जो उठाव पेटला त्याच्या आधीची रात्रीची सभा ढोलावर आणि देवकार्यानेच झाली असं ते सांगतात, आणि 1804 ला देश मोकळा झाला. ढोलाच्या ठोक्यावर अंगात येणं ह्याला फोंडा-सत्तरी-पेडण्यातल्या माणसाने हसावं म्हणजे कमाल आहे. आपल्याकडे अवसर येतो तेव्हा आपण हात जोडून कौल विचारतो, त्यांच्याकडे आला की काळी जादू. आणि मुद्दाम सांगते, असलं काही आमच्या क्लासात शिकवतच नाहीत. क्युबात बाटा म्हणून तीन ढोलांचा संच आहे, इया, इतोतेले, ओकोंकोलो, नायजेरियाकडच्या योरुबा लोकांच्या देवांचा. ते शिकवाल का म्हणून आमच्यातल्या एका उत्साही मुलाने विचारलं, यूट्यूबवर बघून आला होता. सर म्हणाला ते देवाचे, ज्याला दीक्षा आहे तोच वाजवणार, मला नाही, तर मी तुला काय शिकवू. देवळाचा चौघडा कोणी पण जाऊन बडवतो काय?

आता खरी गोष्ट, जी त्या पत्रात नव्हती कारण त्या गृहस्थांना बहुतेक माहीत नसावी. आमचा हॉल का गेला. जत्रेआधी एका मंडळाकडून निरोप आला की मिरवणुकीत तुमचा ग्रुप घ्यायचाय. आम्ही खुश. मीटिंगला गेलो तर त्यांनी आधीच डिझाइन करून ठेवलेलं, पालापाचोळ्याचे घागरे, हाडांच्या माळा, आणि सगळ्यांच्या तोंडाला काळा रंग. "जंगली आफ्रिकन डान्स" असा बॅनर. मी खोटं बोलणार नाही, मला तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नाही. शिगम्यात सोंगं असतातच, राक्षस असतात, माकडं असतात, लहानपणापासून बघतोय. मी तर विचारलं की हा रंग साबणाने जातो ना. सर काही वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला की मला ज्याने जेम्बे शिकवला तो माणूस मडगावला माझ्या लग्नाला आला होता, स्टेशनवरून हॉलवर येईपर्यंत तीन रिक्षावाल्यांनी त्याला घेतलं नाही. त्याचा चेहरा मी तोंडाला लावून नाचू?

मीटिंग तिथेच संपली. दुसऱ्या आठवड्यात हॉल "दुरुस्तीसाठी" बंद झाला. चार महिने झाले, गवंडी काही अजून दिसला नाही. मंडळाचं नाव मी लिहीत नाही, गाव लहान आहे, आणि त्यातला एक माझा भाचा आहे.

त्या रात्री मला झोप लागली नाही, बीपमुळे नव्हे. 2013 ला पर्वरीला नायजेरियन लोकांनी त्यांच्या खून झालेल्या सोबत्याचा मृतदेह हायवेवर ठेवून रस्ता अडवला होता तेव्हा आपल्याच एका मंत्र्याने त्यांना कॅन्सर म्हटलं होतं. मी तेव्हा ड्युटीवर होते, स्टाफरूममध्ये टीव्ही चालू होता, आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलवल्या होत्या. मी पण. कॅन्सर काय असतो ते रोज बघणारी मी, आणि माणसांना तो शब्द लावला तर मला काही टोचलं नाही. किनाऱ्यावर ढोल हवा, मिरवणुकीत सोंग हवं, पण खोली भाड्याने मागायला आला की "जागा रिकामी नाही". ह्या ढोलाचा क्लास त्या माणसांना वगळून चालवला तर आमचा व्यायाम होईल, पण मग तो लिलावच झाला ना, माल ठेवला आणि माणूस उभा केला उन्हात.

हीलिंगबद्दल मात्र त्या गृहस्थांशी मी अर्धी सहमत आहे. किनाऱ्यावर चंद्रप्रकाशात हजारो रुपये घेऊन "ढोलाने तुमची चक्रं उघडतो" वाले बोर्ड मी पण बघितलेत. नर्स आहे मी, ढोलाने शुगर उतरते, कॅन्सर बरा होतो असं कोणी म्हटलं तर पहिली मी उठून जाईन. किनाऱ्यावर रात्रभर चालणाऱ्या आवाजाबद्दल पण त्यांचं बरोबर आहे, दहानंतर बंद म्हणजे बंद, कायदा आहे तसा. आम्ही साडेसातला आवरतो, नंतर सिरियल असते कोणाकोणाची.

पण काहीच होत नाही असं पण नाही. आमच्याकडे एक आजोबा येतात, आम्ही त्यांना बाब म्हणतो, सत्तरीच्या पुढचे, चाळीस वर्षं पखवाज वाजवला, भजनी स्पर्धा गाजवल्या, मग हात थरथरायला लागला, पार्किन्सन. पखवाज कपड्यात बांधून माळ्यावर टाकला आणि बोलणं सोडलं. बायकोने आणून बसवलं. पहिले दोन महिने ते फक्त चुका काढायचे, तोंडाने नाही, भुवयांनी. सरांनी त्यांना घंटी दिली, लोखंडाची, आणि काम एकच, पूर्ण आवर्तनात एक ठोका. एकच, पण आम्ही बाकी सोळा जण त्याच्यावर उभे. मी त्यांच्या शेजारीच बसते म्हणून बघितलंय, काठी हवेत असते तेव्हा हात थरथरत असतो, चांगलाच थरथरतो, पण जागा आली की ठोका बरोबर जागेवर पडतो आणि परत थरथर सुरू. बरं नाही झालं काही. गोळ्या चालू आहेत आणि त्या वेळेवर घ्या म्हणून मी पाठीमागे असते. पण एकदा ते आजारी पडून आले नाहीत तर आमचं सगळं कोसळलं, अक्षरशः, कोण कुठे आहे कळेना, आणि सरांनी त्यांना फोन लावून स्पीकरवर सांगितलं, "बाब, तुमी नात तर आमचें कांयच जायना." पुढच्या मंगळवारी आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. चौतीस वर्षांत मी पेशंटला "काळजी करू नका" असं हजारदा म्हटलं असेन, तुमच्यावाचून अडलंय असं एकाला पण म्हटलं नव्हतं. एकत्र नाचलं-वाजवलं की माणूस दुखणं जास्त सोसू शकतो असं ऑक्सफर्डच्या रॉबिन डन्बार ह्यांच्या गटाने प्रयोग करून दाखवलंय, ते ठीक आहे, पण मला तो इस्त्रीचा शर्ट जास्त पटतो.

बाकी कोणाचं काय बदललं ते मी इथे लिहीत बसत नाही, ज्याचं त्याचं खाजगी आहे. माझं सांगते. दोन वाजता जाग अजून येतेच. पण आता पडल्या पडल्या गुन दुन गो दो मोजते, पाय चादरीखाली दोन आणि बोटं तीन, आणि कधीतरी मध्येच चुकते तिथेच झोप लागते.

मागणं काय ते लिहिते आणि आवरते. एक तर सरकारी पैशाने बांधलेले हॉल गावोगाव पडून आहेत, लग्न नसेल त्या दोन संध्याकाळी ते अशा क्लासांना द्या, आमच्याच असं नाही, घुमट, पखवाज, डमाम, कोणाला पण. दुसरं, शिकवायला बाहेरून उस्ताद आणायची ऐपत नाही म्हणता, पण घाटावरचे डमाम वाजवणारे सिद्दी तीन-चार तासांवर आहेत, त्यांना बोलवा, आणि एका फेस्टिवलला अर्धा तास नाचवून जेवण देऊन परत पाठवायला नव्हे, गुरू म्हणून बोलवा, मानधन द्या, राहायची नीट सोय करा, आमच्या पोरांना त्यांच्या पायाशी बसू द्या. आणि शाळेच्या पुस्तकात जुन्या गोव्याच्या चर्चांचे फोटो आहेत तिथे त्या लिलावाबद्दल पण चार ओळी घाला. सरांनी हे सगळं अर्ज करून दिलंय, अर्जाला आवक नंबर मिळालाय, पुढे काही नाही.

तोपर्यंत आम्ही एका मेंबरच्या काजूच्या भट्टीच्या शेडमध्ये बसतो, सीझन संपलाय म्हणून मोकळी आहे, नुसता हुर्राकाचा, काजूच्या दारूचा, वास येतो, त्याने पण दोन मेंबर वाढले असं म्हणतात. मंगळवार आणि शुक्रवार, साडेपाच ते साडेसात. पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांचं घर तिथून दिसतं, त्यांच्या गॅलरीतला दिवा आम्ही सुरू केलं की लागतो. बाब पुढच्या महिन्यात मुलाकडे पुण्याला चाललेत पंधरा दिवस, घंटीला माणूस नाही. एकच ठोका आहे. यायचं असेल तर मंगळवारी या, पाचला आलात तर चालण्यापासून सुरू करता येईल.

आपली नम्र,
एक निवृत्त नर्स, फोंडा तालुका
(नाव छापू नये ही विनंती. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.)